यंत्राने काढलेला मासा

मासे शोधायचं चेंडूएवढं यंत्र मी हौसेने घेतलं. दोरीला बांधून गोदावरीत सोडायचं, की पाण्याखालचं मोबाइलवर दिसतं. दुकानात दोन प्रकार होते. एकात नुसत्या रेघा आणि डाग. कोणता डाग कशाचा, ते आपण ओळखायचं. दुसरं यंत्र तळाच्या वर जे लागेल त्याचं रंगीत माशाचं चित्र काढून मोकळं. सात पिढ्या नदीवर जगलेल्या घरातला मी, चित्राला भुललो. थू माझ्या अकलेवर.

त्या उन्हाळ्यात सिरोंच्याजवळच्या आमच्या गावात एक जण म्हशी धुताना डोहात बुडाला. लोकांनी मला यंत्र घेऊन डोंग्यात बसवलं. मागून तिघं चढले, ते पडद्याचे व्हिडिओ काढायला. ‘बापरे, केवढे मासे हायेत इथी!’ मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात! मी त्यांना शिव्या घालून उतरवलं आणि एकटाच फिरत राहिलो. बुडालेल्याची बायको काठावर बसून होती.

दिवस कलताना खडकापाशी, अगदी तळाला, एक भलं मोठं चित्र आलं. हलेना.

‘दिसले का, भाऊ?’ तिने ओरडून विचारलं.

‘नाई बाई. मासा हाय.’

यंत्राने मासाच काढला होता, हे खरं. पण इतका वेळ न हलणारा मासा कसला, हे माझ्या बापाने बांबू टाकून ताडलं असतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मोबाइलमध्ये जागेची खूण केली, कुणाला बोललो नाही, आणि डोंगा पुढे नेला.

पहाटे जाळं घेऊन एकटा गेलो. ओढताना जड लागलं आणि मला आनंद झाला. हो, आनंद! मग जाळ्यातून शर्टाची बाही वर आली. मी डोंग्यातच ओकलो.

त्याला काठावर आणलं. बाई तिथेच होती, आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब न घेता. तिने मला अंधारात डोंगा सोडताना पाहिलं होतं. रडून झाल्यावर तिने माझे पाय धरले.

‘सारे घरी गेले, भाऊ. तुमी एकटेच त्याह्यले शोधून राह्यले होते.’

मी ‘हो’ म्हणालो.