मुक्या मास्तरांचे तीन महिने

त्या घोडेस्वारीच्या शाळेत तीन मास्तर होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. पहिला घोडदळातून निवृत्त झालेला. त्याच्या तासाला शर्टाचं एक बटण उघडं असलं तरी घोड्यावर चढायला मिळायचं नाही. दुसरा एके काळचा जॉकी. वजन मूठभर, बढाया खंडीभर. त्याचे विद्यार्थी पंधरा दिवसांत वेगात जायचे आणि सोळाव्या दिवशी पडायचे. तिसऱ्याला सगळे नुसतं 'मास्तर' म्हणत. पहिल्या दोघांना काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मास्तर मूळचे मोतद्दार. चौदाव्या वर्षी तबेल्यात लागले ते लीद उचलायला. बारा वर्षं त्यांनी घोड्यांना खरारा केला, खूर साफ केले, दोरी धरून फिरवलं. खोगिरावर बसायची परवानगी मोतद्दाराला नव्हती. घोडा खालून हाकायचा, तोही तोंडाने, एवढंच त्यांना ठाऊक. मग एक शिक्षक अचानक काम सोडून गेला, तास बंद पडायची वेळ आली, तेव्हा मालकाने यांनाच रिंगणात उभं केलं. अडला हरी, दुसरं काय!

पण माणूस नशिबाचा. तीस वर्षांत त्यांच्या तासाला कुणी पडलं नाही. हात पाठीशी बांधून ते रिंगणाच्या मधोमध उभे राहायचे आणि खर्जातल्या आवाजात "चाल" म्हणायचे, मग "दुडकी", मग "दौड". सहाच्या सहा घोडे एका तालात निघायचे. काल आलेल्या नवशिक्यालाही वाटायचं, आपण जन्मजात स्वार. पालक खूश, मालक खूश, मास्तर तर काय विचारूच नका.

त्यांची धाकटी मुलगी सातव्या वर्षापासून याच रिंगणात वाढली. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. चोविसाव्या वर्षी तिने शेजारच्या शहरातल्या मोठ्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. परीक्षा होती. अनोळखी घोडा द्यायचे आणि स्वार व्हायला सांगायचे. मास्तर म्हणाले, हा तर तुझ्या डाव्या हातचा मळ. आणि निकाल लागायच्या आधीच त्यांनी अख्ख्या तबेल्याला तो सांगून टाकला.

दुपारी धाकटी परत आली ती बुटांसकट स्वयंपाकघरात येऊन बसली. परीक्षेत तिकडच्या परीक्षक बाई हातात कागद घेऊन गप्प बसल्या होत्या. घोडी चालली, कशीबशी दुडकली. दौडीची वेळ आली तेव्हा कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. धाकटीने टाचा मारल्या, पुढे वाकली, घाम गाळला. चार मिनिटांनी बाई 'ठीक आहे, या' म्हणाल्या.

"घोडीच अडेल असेल," मास्तर म्हणाले.

"माझ्यानंतर दुसरी एक मुलगी आली, तिच्याखाली छान पळाली की." धाकटीने मान वर केली. "बाबा, तुम्ही मला बसायला शिकवलंत. चालवायला नाही. आपले घोडे तुम्ही चालवता, तोंडाने."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांची नोकरी, शेकडो विद्यार्थी, आणि घरची पोरगी अक्कल शिकवते! त्यांनी ताट बाजूला सारलं. बायको ओट्यापाशी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, ती रडत नाहीये. म्हणजे खरंच सांगत असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला सहा जण आले. मास्तर कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, आज मी बोलणार नाही, तुमचं तुम्ही चालवा. सहाही घोडे जागच्या जागी. एका दातांच्या डॉक्टरने ठिपक्या नावाच्या घोड्याला टाचा मारमारून स्वतःला धाप लावून घेतली. ठिपक्याने जांभई दिली. बाराच्या बारा कान कुंपणाकडे वळलेले. घोडं कुठे पेंड खातंय ते मास्तरांना तेव्हा दिसलं. तीस वर्षं त्यांनी घोडे शिकवले होते. माणसं नुसती वर बसवलेली होती. त्यांना फार लाज वाटली.

पुढची परीक्षा तीन महिन्यांनी. घोडामैदान काही लांब नव्हतं. मास्तरांनी धाकटीला सांगितलं, आजपासून रिंगणात माझं तोंड बंद. बोलायला सोपं! नुसते खाकरले तरी ठिपक्या दुडकायला लागायचा. शेवटी पहिला आठवडा त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. जॉकीने चौकशी केली, दाढ दुखते का. चार विद्यार्थी त्याच्याकडेच पळाले, म्हणाले इथले घोडे बिघडलेत.

खरी पंचाईत पुढेच होती. आवाज नाही, तर मग काय करायचं? ते दाखवायला मास्तर स्वतः ठिपक्यावर चढले, तोंड मिटून. ठिपक्या त्यांच्याखालीही हलला नाही. धाकटी कुंपणावर बसून बघत होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार. त्या दिवसापासून बापलेक एकाच इयत्तेत आले.

मास्तरांनी मग अपमान गिळला आणि ज्याच्याशी सात वर्षांत धड बोलले नव्हते त्या घोडदळवाल्याकडे गेले. त्याने आधी त्यांना बटण लावायला लावलं. मग मात्र आढेवेढे न घेता शिकवलं. बैठक खोल कर, श्वास सोड, बाहेरचा, कुंपणाकडचा पाय बोटभर मागे घे, एकदा पायाने सांगितलंस की थांब, सारखं सांगू नकोस. रोज सकाळी तास सुरू होण्यापूर्वी पहिले मास्तर, मग धाकटी. महिनाभर दोघांच्याही मांड्या भरून यायच्या. दुसऱ्या महिन्यात धाकटी पुढे गेली. मास्तर मागेच राहिले, वय झालं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकटी ठिपक्यावर होती आणि मास्तर मधोमध उभे. दुडकी छान लागलेली. तेव्हा मास्तरांनी छाती भरून घेतली आणि तीस वर्षांच्या सगळ्या जोराने हाक दिली, "दौड!"

ठिपक्याचा एक कान त्यांच्याकडे वळला. क्षणभर तिथेच राहिला. मग परत फिरून धाकटीकडे गेला. पावलांचा ताल तसूभरही बदलला नाही. अर्धा फेरा तसाच गेला, मग धाकटीचा पाय जरासा मागे सरकला आणि ठिपक्या दौडीत निघाला.

मास्तरांना आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. धाकटीने घोडा त्यांच्यापाशी आणून उभा केला.

"मुद्दाम ओरडलात?"

"हो."

"त्याला ऐकू गेलं होतं, बाबा."

"कळलं मला." मास्तरांनी ठिपक्याच्या मानेवर हात ठेवला. "उद्या मी येत नाही. तू एकटीच जा."

तिच्याबरोबर जायचं म्हणून त्यांनी सकाळीच शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. घरी गेल्यावर त्यांनी तो परत कपाटात टांगला.