एक कान मोकळा

पुण्याची गाडी शहादा स्टँडच्या फलाटाला लागली तेव्हा आबा जागेवर नव्हते. दोन बॅगा, लाडवांचा डबा, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि मिरच्यांची पिशवी मी एकटीनेच आत कोंबली. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर पडतेय आणि बाप गायब, म्हणून मला रडू यायच्या आधी राग आला. कंडक्टरने घंटी मारली तसे आबा समोरच्या मोबाईलच्या टपरीवरून पळत आले आणि त्यांनी खिडकीतून एक पुडी माझ्या मांडीवर टाकली. पांढरे, वायरचे, साधे इयरफोन होते. गाडी हलता हलता मला वाटलं, आता आबा काहीतरी मोठं बोलतील. ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "गाना आयक. पन एक कान मोकया ठेवजो, बेटा. मांगतीन गाडी येस ती सांगीसन येत नई."

एवढंच. जन्मभराची शिदोरी म्हणून मला हे मिळालं.

आबांच्या बोलण्यात गहन अर्थ शोधू नका, तो नव्हता. त्यांची उभी हयात ट्रॅक्टरवर गेलीय. आमचं गाव पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यापासून जवळ, त्यामुळे गाळप सुरू झालं की दिवसभर उसाच्या ट्रॉल्यांची रांग दारावरून जायची, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर डेक लावलेला. ओट्यावर भांडी घासता घासता माय नुसत्या गाण्यावरून ओळखायची की आता कोण गेलं. एकाला लग्नातली अहिराणी गाणी लागायची, एकाला रडकी हिंदी, आणि एक जण तर वर्षानुवर्षं एकच कॅसेट उलटून पालटून वाजवायचा. आबा मात्र डेक लावूनही आवाज कमीच ठेवायचे. मागच्याने हॉर्न मारला आणि आपल्याला कळलंच नाही, ही त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात मोठी नामुष्की.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले, त्यांना हे सांगायला नको. गाणं ही एकट्याने ऐकायची गोष्ट असते हे मला पुण्यात आल्यावर कळलं. तोवर गाणं रस्त्यावरून यायचं, शेजारच्या लग्नाच्या मांडवातून यायचं, आवडो न आवडो सगळ्यांच्या कानात सारखंच पडायचं. इथे कंपनीच्या बसमध्ये चाळीस माणसं बसतात, प्रत्येकाच्या कानात वेगळं काहीतरी चालू असतं आणि गाडीत सामसूम. पहिले काही दिवस मला ती बस दवाखान्यासारखी वाटायची. मग मीही आबांची पुडी फोडली.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. बस सोडते तिथून गेटपर्यंत सर्व्हिस रोडने चालावं लागतं, आणि मागून कंटेनर येतात. आबांचं वाक्य तिथे रोज खरं ठरायचं. मी उजव्या कानात गाणं घालायची आणि डावा कंटेनरसाठी राखून ठेवायची. वर्षभरात त्या इयरफोनची डावी बाजू मुकी झाली. मला त्याचं सुतकही लागलं नाही. तसाही तो कान आबांचा होता.

आता खरी गोष्ट सुरू होते, ती मागच्या श्रावणापासून.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. नारळाला नथ घालून, दागिने चढवून आईसाहेबांची स्थापना करायची, आणि त्या दिवशीचा रोट, म्हणजे कुळासाठी म्हणून वेगळ्या दळलेल्या पिठाचा नैवेद्य, भाऊबंदांनी मिळूनच खायचं. मुंबईत असो की सुरतेत, आमच्या कुळातला माणूस त्या दिवशी घरी येतो. दिवेलागणीला बायका गाणी म्हणायला बसतात. समोरासमोर दोन ओळी. एका ओळीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. नथ कोणी घडवली, चुडा कोणी भरला, माहेराहून कोण आलं, असं ते चालतं. विचारणाऱ्या ओळीच्या टोकाला माझी माय बसते आणि उत्तराच्या ओळीच्या टोकाला सुमनकाकू, माझ्या थोरल्या काकांची बायको. या दोघी एरवी शेवग्याच्या शेंगांवरूनही भांडतात, पण त्या संध्याकाळी एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी सूर उचलते.

मागच्या वर्षी मी फोन मधल्या पाटावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. आवराआवर करताना माय सहज म्हणाली, "पुढला साल मन्हा जागावर तू बठजो." मी हसले. पुण्याला आले, बसमध्ये बसले, उजव्या कानात ते रेकॉर्डिंग लावलं आणि हसू मावळलं.

सुमनकाकू खणखणीत ऐकू येत होती. माय नव्हती. म्हणजे होती, पण भिंतीपलीकडून कोणी बोलावं तशी, विरलेली, मध्येच हरवणारी. मी तेच तेच पुन्हा लावून पाहिलं. फोनच्या स्पीकरवर लावावं तर टाळ्या, पंखा, पोरांचा दंगा, सगळ्याची खिचडी व्हायची आणि कोण काय म्हणतंय कळायचं नाही. कानात लावलं की मात्र स्वच्छ दिसायचं की मायचा आवाज गेला. मग जागा सोडण्याचं बोलणं आठवलं. हिला काहीतरी झालंय आणि ही सांगत नाही.

जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना ही भीती ठाऊक असेल. लांबच्या लेकरांना घरचे फक्त बरं तेच सांगतात. फोनवर सगळे कायम ठणठणीत असतात.

मी फोन केला. "माय, घसा बरा शे ना?"

"मन्हा घसाले काय धाड भरनी?"

"डॉक्टरकडे जाऊन ये शहाद्याला."

"तू जेवनी का?" हे तिचं कुठल्याही अडचणीच्या प्रश्नावरचं उत्तर.

मी ज्येष्ठमध पाठवलं. ते तिने गल्लीत वाटून टाकलं. आबांना विचारलं तर म्हणाले, "घर डोकावर लेस ती. तुले कोनी सांगं?" पण आबांना चांगल्या डेकचा आणि फुटक्या डेकचा फरक कळत नाही, त्यांच्या साक्षीला काय किंमत! शेवटी मी ठरवलं की ती सांगत नाही तर न सांगो, पण तिची जागा रिकामी पडू द्यायची नाही. रोज येता-जाता मी ती गाणी पाठ करू लागले. सुमनकाकूच्या ओळी सगळ्या आल्या. मायच्या ओळी कुजबुजीतून वेचाव्या लागत होत्या, त्या काही हाती लागेनात. मध्ये ज्या रिकाम्या जागा यायच्या तिथे मला भरून यायचं.

अशात उन्हाळ्यात उजवी बाजूही खरखरू लागली. नवे घेणं भाग पडलं.

माझी रूममेट प्राजक्ता सांगलीची, आणि तिच्या मते चपलेपासून चार्जरपर्यंत कुठलीही वस्तू आठवडाभर अभ्यास केल्याशिवाय घेणं हा गुन्हा आहे. तिने मला बिनवायरचे बड्स दाखवले. मी म्हटलं, सर्व्हिस रोडच्या गटारात पहिल्याच दिवशी एक जाईल. गळ्यात पट्ट्यासारखे अडकवायचे दाखवले. रोज फोन चार्ज करायची मला आठवण राहत नाही, आणखी एकाचं पोट मागे लावून घेऊ कशाला? मग ती म्हणाली, "अगं, बाहेरचा आवाज पार बंद करणारे मिळतात आता. थोडे महाग पडतील, पण कान कसे शांत!" कान बंद करून घ्यायला जास्तीचे पैसे द्यायचे, हे मी आबांना कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?

शेवटी ठरलं ते असं: वायरचेच, स्वस्तातले, रबर कानात नीट बसणारं, आणि माणसाचा आवाज माणसासारखा ऐकवणारे. पहिल्या तीन गोष्टी भोसरीत ढिगाने मिळतात. चौथीसाठी हिंडावं लागतं, कारण हल्ली बास नावाचं वेड प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं.

चौकातल्या दुकानदारकाकांनी एक जोडी काढली आणि स्वतःच्या फोनवर धडधडणारं काहीतरी लावलं. "बघा ताई, कसला बास आहे! छातीत वाजतो."

"काका, मला छातीत नको, कानात हवंय," मी म्हटलं, आणि माझ्या फोनवर कानबाईची गाणी लावली. पहिल्या जोडीत सगळ्या बायका डब्यात बसून गायल्यासारख्या. दुसरीत टाळ्यांचे हातोडे झाले. तिसरी जोडी हातात घेतली तेव्हा काका म्हणाले, "दोन्ही घालून बघा. एका बाजूची तक्रार घेऊन परत येऊ नका." मी दुकानात आत, भिंतीला पाठ लावून उभी होते. मागून कंटेनर यायची सोय नव्हती. मी दोन्ही कानांत घातले.

आणि डाव्या कानात माय गायला लागली.

भरलेल्या घागरीसारखा तिचा आवाज. एक सूर ढळलेला नाही, श्वास कुठे कमी नाही. ती डावीकडून विचारत होती, काकू उजवीकडून उत्तर देत होती, आणि मी त्या दोन ओळींच्या मधोमध पाटावर बसले होते. फोनने इमानाने दोन्ही बाजू दोन कानांत वाटून ठेवल्या होत्या. इतके महिने मी एका कानाने ऐकलं आणि धडधाकट मायला आजारी पाडलं. माझे डोळे वाहू लागले. काका घाबरले. "ताई, कानाला टोचतंय का? दुसरे देऊ?"

"नको," मी म्हटलं, "हेच द्या."

बाहेर फुटपाथवर येऊन मी तिला फोन लावला आणि सरळ भांडायलाच लागले. घसा चांगला आहे, तर जागा मला का देतेस?

माय म्हणाली, "घसा चांगला शे तवयच शिकाडसू ना? गया वर काय शिकाडू?" आणि पुढे, "रोट भाऊबंदना ऱ्हास, पोरी. उद्या तुन्हं लगीन व्हयनं का तुन्हा रोट दुसरा घरना. पन गानानी जागावरतीन तुले कोनी उठाडाव नई. तठे बठनी का तुले दर साल येनंच पडी."

मी निघाले त्या दिवसापासून ही बाई माझ्यासाठी घरात एक जागा शोधत होती. लग्नानंतर रोट सुटतो, हे कुळाचं आहे, त्याला तिचा इलाज नाही. मग तिने स्वतःची जागा रिकामी करायला घेतली.

उरलेल्या आठवड्यांत मी प्रश्न शिकले. तोवर मला फक्त उत्तरंच येत होती. तशीच जाऊन मायच्या जागेवर बसले असते, तर मी आणि सुमनकाकूने समोरासमोर एकच ओळ म्हटली असती आणि कानबाईला नथ कोणी घडवली हे कोणी विचारलंच नसतं. ही फजिती काकूने पुढच्या सात लग्नांत सांगितली असती.

या श्रावणात मी ओळीच्या टोकाला बसले. माय माझ्या मागे, डाव्या खांद्याशी. सुमनकाकूने मला नजरेने नापास करून टाकलं होतं, पण पहिल्या गाण्यानंतर तिने आपला पदर नीट केला आणि पुढे सरकून बसली, म्हणजे पास. तिसऱ्या गाण्यात माझी गाडी अडली. इतकी घोकलेली ओळ, ऐन वेळी कोरी पाटी. तेवढ्यात डाव्या कानाशी मायचा श्वास लागला आणि ओळ आली, हळू, फक्त माझ्यापुरती. मी ती उचलली आणि पुढे टाकली. समोरच्या ओळीत कोणाला काही कळलं नाही.

घर म्हणजे काय, असं पुण्यातल्या मैत्रिणी कधी गप्पांत विचारतात. पूर्वी मी गावाचं नाव सांगायची, केळीचे मळे सांगायची. आता मला वाटतं, जिथे आपली ओळ अडली की मागून कोणीतरी ती पुरवतं, ते घर. मी पुण्यात सुखात आहे, परत जायचं माझ्या मनात नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. ओळीच्या टोकाची जागा माझी आहे, एवढं पुरतं.

परतताना शहादा स्टँडवर आबा सोडायला आले. गाडी हलली तसे ते खिडकीशी आले. "ध्यान शे ना? एक कान..."

"मोकळा," मी म्हटलं.

गाडी स्टँडबाहेर पडली. मी नवे इयरफोन काढले आणि मागच्या वर्षीची गाणी लावली. या वेळी उजवा मोकळा ठेवला.