बीजेची ओवाळणी बीजेलाच

डोंगर फोडून महामार्ग नेणार, अशी बोंब आमच्याकडे किती वर्षं चालू होती ते विचारूच नका. मला त्या रस्त्याकडून एकच हवं होतं. माझ्या मायला भाऊबीज बीजेलाच करता यावी.

आम्ही कुरुंद्याचे. मायचं माहेर पुसेगावकडं, डोंगरापलीकडं. जुन्या घाटाची वळणं अशी की तिसऱ्या वळणालाच मायचा चेहरा उतरायचा आणि माहेरी पोचायची ती थेट खाटेवर. बीज उलट्यांत जायची, भावाला ओवाळणं दुसऱ्या दिवशी. शेवटी त्या घरानं भाऊबीजच तिजेवर ढकलली. गाव आधी हसलं, मग त्याच्याही अंगवळणी पडलं.

गेल्या दिवाळीत नवा रस्ता सुरू झाला. माय कॅरीबॅग तोंडाशी धरून, डोळे गच्च मिटून माझ्या शेजारी बसली. मी गाडी सोडली. डोंगर मधोमध कापलेला, दोन्हीकडं मुरमाच्या तांबड्या भिंती, आणि आमची जुनी गाडी दावं तोडलेल्या कालवडीसारखी उधळलेली. मला तर गाणंच म्हणावंसं वाटत होतं.

"घाट आला का?" मायनं विचारलं.

"मागं गेला की."

तिला काही पटेना. रस्ता चुकलीस म्हणून मला झापलं, मला गाडी शिकवणाऱ्याचाही उद्धार केला. मग डोळे उघडले. डोंगर खरंच मागं होता आणि पोटात काहीच ढवळलं नव्हतं. ती हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, परत वळव, डोंगर बघायचा राहिला. मग काय, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. नातवंडं असलेली बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा खात होती.

माहेरी पोचलो तर मामा घरात नाही. आपल्याकडं बीज उद्याच, हे धरून तो हळदीला पाणी द्यायला गेला होता. मामीनं सवयीनं खाट मात्र अंथरून ठेवली होती. मायनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ओवाळणीचं ताट घेतलं, निरांजन पदराआड धरलं आणि तरातरा शेताकडं निघाली. मी मागून धापा टाकत.

मामा पाटात उभा होता. बीजेच्या दिवशी बहीण दोन पायांवर चालत येतेय म्हणताना त्याच्या हातातलं फावडंच गळालं.

"अक्का, काय झालं? कोन गेलं?"

"कोनी न्हाई गेलं. बस खाली. आज बीज हाय."

तो डोक्यावर गमछा ओढून बांधावर बसला. मायनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

"लगीन झाल्यापासून पहिल्यांदा बीजेला तुझं तोंड पाहून राहिले," ती म्हणाली.

मामाचे दोन्ही हात चिखलाचे, डोळे पुसणार कशानं? मायनंच पदरानं पुसले, आणि त्या गडबडीत ताजं कुंकू त्याच्या कपाळभर झालं.