न ऐकू येणारी शिट्टी

सकाळचे सव्वानऊ. रंगमंचामागच्या खोलीत एका लोखंडी कपाटात चार अ‍ॅम्प्लिफायर एकावर एक बसवलेत आणि त्यांच्या पाठीमागे एक बाई डोकं घालून बसली आहे. टॉर्च दातांत, निळी वायर हातात. वायर ती मुद्दाम काढते, हिरवा दिवा पिवळा होताना बघते, परत लावते. रोज.

नाट्यगृहात तिला सगळे ताई म्हणतात. व्यवस्थापक तेवढे वहिनी म्हणतात, कारण ते तिचे धाकटे दीर. वशिल्याने आली, असं सुरुवातीला लोक बोलत. ती सुरुवात सोळा वर्षांपूर्वीची. त्याआधी ती वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात होती. ‘आधी ऐक, मग उघड’ एवढीच तिथली शिकवणी. फी नव्हती, टपली होती.

शनिवारच्या प्रयोगात मात्र तिने बसवलेल्या यंत्रानेच घात केला. शेवटच्या अंकात मुलगा आईला विचारतो, ‘तेव्हा तू गप्प का राहिलीस?’ आई उत्तर देत नाही. जवळजवळ मिनिटभर. आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटी, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्या मिनिटासाठीच हे नाटक करतात असं म्हटलं तरी चालेल. शनिवारी त्या मिनिटाच्या मध्यावर छतातून गोड आवाज आला, ‘पुढील प्रयोगाची तिकिटं खिडकीवर मिळतील. वाहनं फाटकासमोर लावू नयेत.’

प्रेक्षक खो खो हसले. पडदा पडल्यावर बाईंचा निरोप आला: सोमवारच्या तालमीत हे पुन्हा झालं, तर उरलेले प्रयोग दुसऱ्या नाट्यगृहात.

आज सोमवार.

“वहिनी, ते आपोआप बदलणं बंदच करून टाका ना,” दीर दारातून म्हणाले. “रोग नको आणि औषधही नको.”

“आणि वायर मेली की? मागच्या महिन्यात अख्खा दुसरा अंक तुम्ही बघितलात की मूकनाट्य. विसरलात, भाऊजी?”

विसरले नव्हते. त्या मूक अंकानंतरच तिने अ‍ॅम्प्लिफायरना दोन वाटा दिल्या. मुख्य वाट निळ्या वायरची. ती मेली तर अ‍ॅम्प्लिफायरने आपणहून जुन्या जाड तारेच्या राखीव वाटेवर जायचं. राखीव वाटेवर रंगमंचाचा आवाज असतोच, शिवाय व्हरांड्यातल्या घोषणाही असतात. आग लागली तर सूचना तिथूनच यायची आहे. प्रश्न एवढाच होता, की वायर मेली हे यंत्राने ओळखायचं कसं? ताईने सेटिंग केलं, तीस सेकंद आवाज आला नाही तर मेली समज. बाईंच्या त्या मिनिटात प्रेक्षकांचा खोकला मोठा होऊ नये म्हणून सगळे माइक बंद असतात. यंत्राने तीस सेकंद वाट पाहिली आणि सांगितलेलं काम चोख केलं.

गप्प बसलेला माणूस आणि मेलेला माणूस यांतला फरक यंत्राला कसा शिकवायचा, हे कोडं तिने रविवारभर डोक्यात घोळवलं. भात करपला. नवऱ्याने दह्यात कालवून खाल्ला.

साडेदहाला बाई आल्या. “काय ठरलं?”

“मिक्सरमधूनच निळ्या वायरीत एक बारीक शिट्टी सोडते,” ताई म्हणाली. “रात्री पहारेकरी शिट्टी मारत फिरतो ना, तशी. ऐकू येतेय तोवर सगळं ठीक. थांबली की यंत्राने लगेच उठायचं. आज तालमीत वायर काढूनच दाखवते.”

“माझ्या शांततेत शिट्टी?” बाईंचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “अगं, तू शुद्धीवर आहेस ना?”

“माणसाच्या कानाला नाही यायची, बाई.”

“माझे कान अजून शाबूत आहेत.”

वादापेक्षा चाचणी बरी. ताईने स्पीकरवर एक सूर सोडला आणि तो हळूहळू चढवू लागली. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा. दिरांचा हात सगळ्यांत आधी खाली आला. “लग्न झालेल्या माणसाला एवढंच येतं,” ते म्हणाले. मग ताईने स्वतःचा हात खाली घेतला. बाईंचा हात वरच. चेहरा निश्चयी, डोळे मिटलेले.

“बाई,” ताई म्हणाली, “मी तो बंद करून बराच वेळ झाला.”

दिरांनी छताकडे पाहिलं. बाईंनी एक डोळा उघडला आणि हसायला लागल्या. “म्हणजे नसलेलं मला ऐकू येतं आणि असलेलं तुझ्या यंत्राला येत नाही. बरी जोडी जमवलीस. सोड तुझी शिट्टी.”

“अजून एक. शनिवारी वाट बदलल्यावर माझ्या टेबलावरचा लाल दिवा लागला होता. मला दिसला नाही, म्हणून घोषणा पुरी वाजली.”

“का नाही दिसला?”

“त्यावर काळी पट्टी आहे. ‘रंगमंचावरून डोळ्यांत खुपतो’ म्हणून कुणीतरी लावायला सांगितली.”

“कुणी?” असं विचारतानाच बाईंना आठवलं असावं. “बरं, बरं. काढ.”

ताईने पट्टी काढली आणि दिवा आपल्याकडे तोंड करून फिरवला. त्याची जोडणी उलटी आहे: सगळं ठीक असेल तोवर एक संपर्क जुळलेला राहतो, बिघाड झाला की तुटतो. दिव्याची वीज टेबलावरचीच, त्यामुळे उंदराने कपाटाकडून येणारी तार कुरतडली तरी दिवा लागतोच. दिरांना हे ऐकून उंदराचं कौतुक वाटलं.

तालीम शेवटच्या अंकावर आली. मुलाने प्रश्न विचारला. माइक बंद झाले. ताईची नजर दिव्यावर होती. तीस सेकंद गेले, चाळीस गेले. छत गप्प, दिवा गप्प. बाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ताणलं, हे नंतर सगळ्यांनीच सांगितलं.

मग आई बोलू लागली. ताईने वॉकीटॉकीवर हळूच सांगितलं, “भाऊजी, आता काढा. निळी. निळीच.”

मागच्या खोलीत दिरांनी वायर उपसली. लाल दिवा लागला. बाईंचं वाक्य चालू होतं, ते तसंच पुढे गेलं.

पडदा पडल्यावर बाईंनी विचारलं, “वायर कधी काढणार आहेस?”

“काढून झाली.”

बाईंनी पर्स उचलली. “उद्या मेकअपला तीनला येते.”

उद्याचा प्रयोग इथेच आहे, दुपारी चार वाजता. निळी वायर सव्वानऊला निघेल.