वस्तादांचा दुसरा ग्लास

महाशिवरात्रीला तालमीत भांगेची थंडाई वाटायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ती खुराकाच्या हिशेबानं वाटली: गडी जेवढा दांडगा, तेवढा ग्लास मोठा. आमचे आकाराम वस्ताद म्हणजे चालतं कपाट, पण उभ्या आयुष्यात सुपारीही न चघळलेले. त्या एका गुणावर लोक आपली पोरं त्यांच्या हवाली करायचे.

शंकराचा प्रसाद म्हणून त्यांनी पहिल्यांदाच एक मोठा ग्लास घेतला. अर्ध्या तासानं वस्ताद म्हणाले, "काय बी चढलं न्हाय की रं."

"एवढ्या देहाला एका ग्लासानं काय हुतंय, वस्ताद?" म्हणत मी दुसरा दिला.

पुढच्या तासाभरात दोन्ही मिळून चढले. वस्ताद कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत बसून "मी मेलो" म्हणत रडायला लागले. कुणीतरी व्हिडिओ काढला.

त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर माझ्यावर खेकसले, "भांगेला वजन कळत नाही. पोटातनं ती सावकाश चढते. पहिल्यांदा घेणाऱ्यानं दोन घोट घेऊन दोन तास गप बसावं, नाहीतर घेऊच नये."

आता तालमीत एकही पोरगं येत नाही. वस्ताद एकटेच माती उकरतात.

"दुसरा ग्लास तू दिलास, एवढं तरी पोरांच्या बापांस्नी सांग की," ते परवा म्हणाले.

"सांगतो की," म्हणालो.

व्हिडिओ घरोघरी पोचलाय. मी अजून एकाही दारात गेलेलो नाही.