मीरीसाठी बोललेला नवस

थंडी अशी की कोथिंबिरीला हात लावला तरी बोटं ठणकावीत. मार्केट यार्डातून आणलेली भाजी टेम्पोवाल्यानं बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर उतरवली आणि कौशल्या गोणपाट पसरून बसली. मुळांची माती झाडायची, पिवळी पानं खुडायची, मोठ्या गड्ड्या सोडून लहान जुड्या बांधायच्या. हात आपले चालत होते, पण कान रस्त्याकडे होते. भाची यायची वेळ झाली होती आणि मीरी अजून तळ्याखाली अडकलेली होती.

मीरी म्हणजे पुस्तकातली पोरगी. कौशल्याच्या भावाची लेक संस्कृती कॉलेजच्या बसची वाट बघायची ती इथंच, आत्याजवळ, पालथ्या क्रेटवर बसून. पावसाळ्यात एकदा इंग्रजी पुस्तक वाचता वाचता ती गालात हसली. आत्यानं "काय गं?" विचारलं, आणि तिनं मराठीतून सांगायला घेतलं ते आजतागायत. मालिकेचा एकेक भाग विटेएवढा. गिरणीवाल्याची मीरी आणि तळ्याखालच्या परीलोकातला, राणीचा धाकटा भाऊ. दोघांचं जुळलेलं, आणि दोन्हीकडून मनाई. त्यांच्यातल्यानं माणसाला जीव लावायचा नाही. माणसानं त्यांच्या पंगतीला बसायचं नाही. घास घेतला की परतीची वाट बंद.

"अगं, ह्या तर आपल्या आसरा!" कौशल्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "इंग्रजांकडं बी हायत व्हय?"

जुन्या गावाची विहीर आता एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाळीखाली गेलीय. काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. पाण्यातल्या बाया. मनात भरलेलं माणूस त्या ओढून नेतात, हे कौशल्यानं लहानपणीच ऐकलेलं. त्यामुळे मीरीनं तळ्याखालचं फळ तोंडाला लावलं त्या दिवशी "थुक! थुक म्हन तिला!" असं ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की पालक घ्यायला आलेल्या बाईनं पालक खाली ठेवला.

आज संस्कृतीनं शेवटचा भाग उघडला. राणीनं तळ्याचा दरवाजा उघडलाय. मीरी सुटली. जा म्हणतायत घरी.

"बरं झालं गं बाई," कौशल्यानं हात जोडले.

"थांब ना आत्या. ती म्हणते, मला जायचंच नाहीये. तो आत उभाय. राणी तिला ढकलतेय बाहेर. एक पाय आत, एक बाहेर..." संस्कृतीनं पुस्तक मिटलं. "एंड ऑफ चॅप्टर. बस आली बघ."

कौशल्याच्या हातातली मेथीची जुडी सुटून मांडीवर पसरली.

"काय झालं?"

"मी नवस बोललीय," कौशल्या हळूच म्हणाली. "आसरांना. पोरगी सुखरूप घरला धाडा, हिरव्या बांगड्या आन दहीभाताचा निवद देईन म्हनून."

संस्कृती हसून हसून वाकली. "आत्या! अगं पुस्तक प्रिंट झालंय!"

"तुझं छापून झालं असंल. माझं ऐकायचं राहिलंय की."

"शेवटचं पान बघू का?"

"हात नको लावू! एकदा कळलं मंग मागायचं काय?"

संस्कृती बसमध्ये चढली तरी हसतच होती. कौशल्यानं मात्र सुटलेली मेथी गोणपाटावर ठेवली. पोरीचं मन गुंतलंय तिथं, आणि आपणच तिला बाहेर ओढायला लावलंय. दिलेला शब्द मागं घेतला तर बाया कोपणार; नाही घेतला तर पोरगी जन्माची दुःखी.

तेवढ्यात शनिवार पेठेतून इकडं राहायला आलेल्या, निवृत्त शिक्षिका नीरजाताई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "अहो कौशल्याबाई, भाजी विकायची आहे, की नुसती दाखवायला मांडली आहे?"

"ताई, जरा बसता का हितं? आलेच."

"मी? भाजी विकू?"

पण कौशल्या निघालीसुद्धा. पार्किंगमधल्या गाड्यांमधून वाट काढत ती विहिरीशी गेली, चप्पल काढून उकिडवी बसली.

"बायांनो, निवद देनारच, बांगड्या बी देनार. बोललेलं मोडत न्हाय. पन धाडायचं का ठिवायचं, त्ये एकडाव पोरीला इचारा. माझं ऐकू नका. मला काय ठावं तिच्या मनातलं." दगडाला बोट लावून तिनं ते कपाळाला टेकवलं, आणि तिला मोकळा श्वास आला.

परतली तेव्हा नीरजाताई क्रेटवर ताठ बसलेल्या होत्या. "एकाला शेपू जून वाटला. मी म्हटलं, मग नका घेऊ. गेला."

"बरं केलंत," कौशल्या हसली.

"आणि एवढं काय काम निघालं होतं?"

कौशल्यानं सगळं सांगितलं. ताईंनी चष्मा पुसला. "मूर्खपणा आहे," म्हणाल्या. मेथी पिशवीत घातली, चार पावलं गेल्या, आणि वळल्या. "उद्या वाचन किती वाजता?"

"बस येस्तवर चालतंय. या."

गोणपाटावरची सुटी मेथी कौशल्यानं पुन्हा सारखी केली, सुतळी दातांत धरली आणि जुडी बांधायला घेतली.