कान न पिरगाळता शिकलेली काळी

दुबईपलीकडच्या फुजैराच्या मागच्या डोंगरात आमच्या अरबाबाची खजुराची बाग होती. अरबाब म्हणजे मालक. मी रत्नागिरीहून तिथे झाडांना पाणी सोडायच्या कामावर गेलो, नव्वदीच्या दशकात. महिन्याभरातच मला कुत्र्यांकडे लावलं. बाकीचे पाच कामगार पेशावरकडचे आणि बांगलादेशचे. कुत्र्याची लाळ लागली की नमाजाआधी पुन्हा सगळं धुवायला लागायचं, म्हणून ते लांब राहायचे. मला अडचण नव्हती. मराठी बोलणारं माणूस तिथे दुसरं नव्हतं. दिवसभर हिंदी बोलायची आणि खोलीत येऊन गप्प पडायचं.

अरबाब दर थंडीत परदेशात बदकांच्या शिकारीला जायचा. त्यासाठी चार लॅब्रेडोर होते. बंदूक वाजली तरी जागचं हलायचं नाही, सांगितल्यावर धावायचं, पडलेला पक्षी दात न लावता तोंडात धरून आणायचा आणि हातात सोडायचा, एवढं त्यांचं काम. ते शिकवायला हरियाणाचे एक निवृत्त हवालदार होते, फौजेत कुत्र्यांवरच नोकरी केलेले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

उस्तादांची पद्धत सरळ होती. कुत्र्याचा कान पट्ट्यावर दाबून पिरगाळायचा. दुखलं की ते तोंड उघडतं. उघडल्याबरोबर डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी वापरायची कापडी गुंडाळी, तोंडात द्यायची आणि कान सोडायचा. डमी तोंडात असली की दुखत नाही, हे कुत्र्याला कळतं. दूर गेलेल्या कुत्र्यासाठी करंटचा पट्टा होता, बटण त्यांच्या खिशात. तीन कुत्रे तसे तयार झाले, आणि चांगले तयार झाले. खोटं कशाला सांगू?

चौथी काळी. दीड वर्षांची, अंगाने बारीक. तिचा कान धरला की ती तोंड उघडायच्या ऐवजी आणखी घट्ट मिटायची. उस्तादांनी जोर वाढवला. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की डमी नुसती दिसली तरी ती जमिनीला चिकटून मुतायची.

"खलास," उस्ताद म्हणाले. "इसमें दम नहीं है. अरबाब आएगा तो बोल दूँगा, किसी को दे दो."

अरबाब दीड महिन्याने यायचा होता. मी म्हणालो, "उस्ताद, तब तक मेरे पास रहने दो?"

"रख ले," ते म्हणाले. "प्यार से कुत्ता मोटा होता है, बस."

मला शिकवायचं काही ठाऊक नव्हतं. पहिले आठ दिवस मी डमी दाखवलीच नाही. पहाटे, ऊन चढायच्या आधी, खजुरांच्या सावलीत बसायचो आणि भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवायचो. ती दहा हातांवर बसायची. मी बोलत राहायचो. घरचं, आंब्याचं, माझा मुलगा शाळेत जात नाही म्हणून बायको रडते त्याचं. इतकं मराठी मी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. सहाव्या दिवशी तिने तुकडा घेतला.

मग माझ्या जुन्या बनियनची गुंडाळी केली. ती हुंगली तरी "शाब्बास गो बाय" म्हणायचो. तोंडात धरली की पळत सुटायची. मी तिच्या मागे न धावता उलट्या दिशेने पळायचो, की ती माझ्या मागे यायची. ही युक्ती तिनेच मला शिकवली म्हणा. "आण" म्हटलं की आणायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. उस्ताद हुकमाला वापरायचे ते इंग्रजी शब्द तिला नकोसे झाले होते, म्हणून मी ते वापरलेच नाहीत.

एका शुक्रवारी गावात जाऊन कार्ड घालून घरी फोन केला. बायको म्हणाली, "अहो, तो आजपण शाळेत गेला नाही. विहिरीवर बसून होता."

"दोन ठेवून दे चांगल्या," मी ओरडलो.

"दिल्या. कालपण दिल्या. आता बोलायचाच बंद झालाय."

कार्ड संपलं. परत आलो तो डोक्यात राख घालून. त्या संध्याकाळी काळीने गुंडाळी आणली, पण सोडेना. शेपटी हलवत खेळायला लागली. मी तिचा कान धरला आणि पिरगाळला. उस्तादांसारखा, नेमका तसाच. तिने गुंडाळी टाकली, ओरडली नाही. फक्त माझ्याकडे बघत मागे मागे सरकली आणि बागेच्या पाण्याच्या मोठ्या हौदामागे जाऊन बसली.

तीन दिवस ती माझ्या हातचं खायला आली नाही. वाडगं ठेवून मी लांब गेलो की खायची. त्या तीन दिवसांत मी मराठीत कोणाशीच बोललो नाही. बोलायला होतं कोण? चौथ्या दिवशी सकाळी मी हौदाजवळ पाठ करून बसलो, हाक न मारता. बऱ्याच वेळाने माझ्या कोपराला ओलं नाक लागलं.

पुढच्या शुक्रवारी घरी फोन केला तेव्हा म्हणालो, "त्याला मारू नकोस. त्याच्याबरोबर विहिरीवर जाऊन बस." बायको म्हणाली, "तुम्हाला बरं आहे ना तिकडे?"

अरबाब आला. उस्तादांनी तिन्ही कुत्र्यांचं काम दाखवलं. अरबाब खूश झाला. काळीकडे बोट करून त्याने विचारलं. उस्तादांनी नकारार्थी मान हलवली, तरी एक मेलेलं कबुतर दूर हौदापलीकडे फेकलं आणि शिट्टी वाजवली. ती हलली नाही, थरथरत राहिली.

मी पुढे झालो. "काळे," म्हणालो, "आण."

ती गेली. हौदाला वळसा न घालता पाण्यातून पोहत गेली, कबुतर घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. "सोड." तिने ते माझ्या हातात ठेवलं. अरबाबाने कबुतराची पिसं बाजूला करून पाहिलं. एकही दात लागला नव्हता.

"ही कुठली भाषा?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

"मराठी."

तो हसला आणि माझ्याकडून ते दोन्ही शब्द पाच-सहा वेळा म्हणवून घेतले. जेवताना उस्तादांनी स्वतःच्या थाळीतला मटणाचा तुकडा माझ्या थाळीत ठेवला. म्हणाले, "मुझे भी ऐसे ही सिखाया था फौज में. कान पकड़ के."

त्याच आठवड्यात अरबाब काळीला दुबईला आपल्या घरी घेऊन गेला. गाडीच्या मागच्या काचेतून ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, मी यशस्वी झालो की बरं वाटेल. खोलीत आलो, आणि आज कोणाशी बोलायचं ते कळेना.

वर्षाने उस्ताद गावी परतले आणि त्यांचं काम मला मिळालं. पगार वाढला. मी आठ-नऊ कुत्रे तयार केले. दोन माझ्याकडून शिकलेच नाहीत, तेही सांगायला हवं. जे शिकले ते गेले.

एकदा पासपोर्टच्या कामाला दुबईत गेलो तेव्हा अरबाबाच्या घराचा पत्ता शोधत गेलो. फाटकाशी मलबारी ड्रायव्हर गाडी धूत होता. म्हणाला, "काली? मस्त है. बच्चों के साथ सोती है. बुलाऊँ?"

भिंतीपलीकडे मुलांचा गलका चालला होता. मध्येच तिचं भुंकणं ऐकू आलं, आनंदाचं.

मी हाक मारली असती तर ती आली असती. आणि मग मला पुन्हा तिला सोडून निघावं लागलं असतं.

"नको, राहू दे," मी मराठीतच म्हणालो. ड्रायव्हरला काय कळलं कोण जाणे. त्याने मान हलवली आणि मला प्यायला थंड पाण्याची बाटली दिली. ती घेऊन मी फुजैराची टॅक्सी मिळते त्या नाक्याकडे चालत निघालो.